बदाम पुरे झाले, आता वर्ग भरवा

मुंबईत साठी ओलांडलेल्या माणसाला शेजाऱ्याचं नाव आठवेना, गॅस चालू राहिला, किल्ली दाराला बाहेरूनच लटकत राहिली, की घरातून ठरलेली दोन वाक्यं ऐकू येतात. एक म्हणजे "वय झालं, चालायचंच" आणि दुसरं "रात्री बदाम भिजत घालत जा". मग कुणी ब्राह्मीचं सिरप आणतं, कुणी अक्रोडाचं पाकीट, नातू मोबाईलवर मेंदूच्या व्यायामाचं अ‍ॅप टाकून देतो आणि दोन महिन्यांनी ते अ‍ॅप कुणी उघडत नसलं तरी पैसे मात्र दर महिन्याला कटत राहतात. म्हातारपणी डोकं शाबूत राहावं हा विषय आपण प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आणि खिशात कोंबून ठेवलाय आणि तो तिथे मावणारा नाहीये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला जागा लागते, चार माणसं लागतात, काहीतरी अवघड शिकवणारं कुणी लागतं, आणि या शहरात एवढी जागा आणि एवढा पैसा एकाच ठिकाणी आहे, महापालिकेकडे.

आधी "चालायचंच" बद्दल. वयाबरोबर नाव पटकन न आठवणं, जिभेवर येऊन अडकणं हे होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणं, हिशेब न जमणं, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणं हे नुसतं वय नाही. भारतात साठीच्या वरच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया, म्हणजे रोजचं जगणं अडेल इतका स्मृती-बुद्धीचा ऱ्हास, आहे असा अंदाज २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासात निघाला, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये प्रमाण जास्त. आता दुसऱ्या बाजूने बघा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ कारणांची यादी दिली आणि म्हटलं की जगातले जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया ही कारणं हटवली तर टाळता किंवा पुढे ढकलता येतील. यादीत काय आहे तर लहानपणी कमी शिक्षण, कमी ऐकू येणं, न सुधारलेली नजर, ब्लड प्रेशर, डायबेटिस, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, सिगारेट, दारू, हालचाल नसणं, डिप्रेशन, डोक्याला मार, एकटेपणा आणि हवेचं प्रदूषण. यातलं किती तुमच्या बदामाच्या वाटीत बसतं ते तुम्हीच सांगा. प्रदूषण तर कुणी एकट्याने कमी करू शकत नाही, आणि ज्या बाईला सातवीत शाळेतून काढून धाकट्या भावंडांना सांभाळायला बसवली तिला आता सत्तराव्या वर्षी "डोक्याला चालना द्या हो आजी" म्हणणं ही तर थट्टाच झाली.

कान हा तर आपल्याकडे मेंदूचा विषय समजलाच जात नाही. टीव्हीचा आवाज वाढत जातो, घरातले ओरडून बोलायला लागतात, मग ओरडायचा कंटाळा येतो म्हणून बोलणंच कमी होतं, म्हातारा माणूस जेवणाच्या टेबलावर नुसता हसून मान डोलावत बसतो आणि सगळे म्हणतात बाबा हल्ली शांत झालेत. शांत कसले, त्यांना अर्धं ऐकूच येत नाहीये. जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार, आणि डोकं सगळी ताकद शब्द ओळखण्यातच खर्च करतंय. अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या ९७७ लोकांवर कानाच्या मशीनचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये निकाल आला. सरसकट सगळ्यांत फरक दिसला नाही हेही सांगायला हवं, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात मशीन लावल्यावर तीन वर्षांत बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. आता आपल्याकडे काय आहे बघा. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, काठी, कानाचं मशीन असल्या वस्तूंसाठी गरजू ज्येष्ठांना एकदा ३,००० रुपये मिळतात. काठी येईल, चष्मा येईल, पण धड बसणारं डिजिटल मशीन ३,००० ला कोण देतो? आणि मशीन नुसतं विकत घेऊन होत नाही, ते कानाच्या तपासणीप्रमाणे सेट करावं लागतं, पुन्हा पुन्हा जावं लागतं, नाहीतर ते कपाटात पडतं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, मुंबईतल्या मुंबईत, पण दहिसर-मुलुंडच्या किती घरांना तिचं नाव माहितीये? चष्म्याची लाज वाटत नाही आणि मशीनची वाटते हे एक आपलं वेगळंच.

बरं, खाण्याकडे येते, कारण त्यावर सगळ्यात जास्त फॉरवर्ड येतात. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोनेक टक्केच, पण खातो वीस टक्के ऊर्जा, आणि ती ऊर्जा पोचवतात बारीक बारीक रक्तवाहिन्या. म्हणून जे हृदयाला बरं तेच डोक्याला बरं, यात फार मोठं गुपित नाही. २०१५ मध्ये शिकागोच्या संशोधक मार्था क्लेअर मॉरिस यांनी माइंड डाएट हा मेंदूसाठीचा आहार मांडला, पालेभाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे, सुकामेवा, बेरी, ऑलिव्ह ऑइल वगैरे. वर्षानुवर्षं लोकांच्या खाण्याची नोंद ठेवली तेव्हा तसं खाणाऱ्यांचं डोकं जास्त टिकलेलं दिसलं. मग रीतसर चाचणी झाली, ६०४ लोक, तीन वर्षं, एका गटाला माइंड डाएट, दुसऱ्याला नेहमीचंच खाणं, आणि दोन्हीकडे जरा कमी खायचं आणि डाएटिशियनचं मार्गदर्शन. २०२३ मध्ये निकाल आला, दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. याचा अर्थ खाण्याने काहीच होत नाही असा नव्हे, तीन वर्षं हा काळ लहान आहे आणि दुसऱ्या गटाचंही खाणं सुधारलंच होतं. पण ब्लूबेरी खाल्ल्याने स्मरणशक्ती वाढते असं छातीठोक सांगणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं, आणि आपण आठशे रुपये किलोचं काहीतरी परदेशी फळ आईच्या फ्रीजमध्ये ठेवून कर्तव्य पार पाडल्याचं समाधान मानू नये.

मुंबईच्या बाजारात लागतं ते सगळं आहे. बांगडा आणि तारली, ज्यांना पापलेट-सुरमईच्या ताटात कुणी विचारत नाही, त्यांच्यात ओमेगा-थ्री ही चांगली चरबी भरपूर आणि भावही परवडणारा, फक्त रवा लावून तेलात बुडवून काढण्याऐवजी कालवण करा. माठ, चवळी, शेपू, अळू, मायाळू, पावसाळ्यात टाकळा. जांभळं, करवंदं, आवळे यांना बेरीचा मान द्यायला हरकत काय आहे. जवसाची चटणी आहे, पण जवसातलं ओमेगा-थ्री शरीर फार थोडंच माशातल्यासारखं करून घेतं, म्हणून शाकाहाऱ्यांनी चटणीवर सगळी भिस्त ठेवू नये. मुंबईकर म्हाताऱ्यांचं खरं वाईट काय तर चहा-खारी, चहा-बटर, चहा-फरसाण आणि उपासाच्या नावाखाली साबुदाणा. त्यात मीठ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपल्याकडे लोणचं-पापड-वेफर्सशिवाय घास उतरत नाही, बीपी मग वर जाणारच.

आणि एक गोष्ट खाण्याच्या लेखांत कधीच येत नाही, ती म्हणजे एकट्याचा स्वयंपाक. मुलगा पुण्याला किंवा परदेशात, नवरा गेलेला, अशी कितीतरी घरं दादर-माहीमपासून बोरिवलीपर्यंत आहेत, तिथे रात्रीचं जेवण म्हणजे दूध-पोळी नाहीतर चहा-बिस्किट. अशा एकट्या बाईला डाळींबीची उसळ येत नाही असं थोडंच आहे, पण "माझ्या एकटीसाठी कुठे कुकर लावू". तिला तुम्ही आहाराचा तक्ता पाठवून काय उपयोग. जवळच्या पोळीभाजी केंद्रातून कमी मिठाची भाजी, उसळ, भाकरी असा ज्येष्ठांचा डबा मिळाला आणि चार जणी एकत्र बसून जेवल्या तर मला वाटतं कुठल्याही सप्लिमेंटपेक्षा ते भारी पडेल. पोळीभाजी केंद्रं चालवणाऱ्या बायका या शहरात आहेतच, त्यांना फक्त कुणीतरी ऑर्डर द्यायला हवी.

बी-ट्वेल्व्ह या व्हिटॅमिनचंही सांगून टाकते, कारण त्याची कमतरता हे विसरण्याचं हे कारण असेल तर ते चक्क बरं होऊ शकतं. शाकाहारी घरांत ते कमी असतंच, वर डायबेटिसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी कमी होतं, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी तर आपल्याकडे रोज सकाळी देवाच्या पाया पडल्यासारखी घेतात, तिनेही कमी होतं. थायरॉइड, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या यांनीही माणूस विसरभोळा दिसतो. म्हणजे "साठी बुद्धी नाठी" म्हणून ज्याला सोडून दिला त्याला कदाचित एक रक्ततपासणी आणि काही इंजेक्शनं पुरली असती. देशात १० कोटींहून जास्त डायबेटिसचे पेशंट असल्याचं आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसलं, त्यातले किती मेटफॉर्मिनवर असतील आणि त्यांच्यापैकी किती जणांचं बी-ट्वेल्व्ह कधी बघितलं गेलं असेल, विचार करा.

आता शिकण्याचं, आणि इथे मला जरा तावातावाने बोलायचंय.

आपल्याकडे ज्येष्ठांवर प्रेम म्हणजे त्यांच्या हातातलं काम काढून घेणं. बाबा, बँकेत कशाला जाताय, मी ऑनलाइन करतो. आई, मंडईत नको जाऊस, दहा मिनिटांत भाजी दारात येते. ओटीपी कुणाला द्याल म्हणून फोनच काढून घेतला, डिजिटल अरेस्टच्या बातम्या वाचून घाबरलोय ना आपण. गॅसजवळ नको, स्टुलावर चढू नको, हिशेब नको, तू फक्त आराम कर. हे सगळं मायेपोटीच चालतं, पण परिणाम काय होतो तर सकाळी सहाला उठलेल्या माणसापुढे रात्री दहापर्यंत एकही असा प्रश्न येत नाही ज्याचं उत्तर त्याला स्वतः शोधावं लागेल. भाजीवाल्याशी घासाघीस, कोणती बस पकडायची, पासबुकात एंट्री का नाही आली म्हणून क्लार्कशी वाद, यातच तर डोकं चालत होतं. ते सगळं काढून घेतल्यावर त्याच्या हातात शब्दकोड्याचं पुस्तक देतो. शब्दकोडं वाईट नाही हो, पण ज्याने चाळीस वर्षं रोज कोडं सोडवलंय त्याच्यासाठी ते शिकणं उरलेलं नाही, ती सवय झाली. मेंदूच्या खेळांच्या अ‍ॅप्सचंही तेच, त्या खेळात तुम्ही हुशार होता, बाकीचं राहतं तिथेच. लुमॉसिटी नावाच्या कंपनीने आमच्या खेळांनी विसरभोळेपणा लांबणीवर पडतो अशी जाहिरात केली होती, पुरावा दाखवता आला नाही आणि २०१६ मध्ये अमेरिकेत त्यांना २० लाख डॉलर भरावे लागले.

मग शिकणं म्हणजे काय? टेक्सासमध्ये डेनिस पार्क यांच्या गटाने एक प्रयोग केला, २०१४ मध्ये छापून आला, मला तो फार आवडतो. साठ ते नव्वद वयाचे लोक. काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना गोधडी शिवायला, काहींना दोन्ही, आठवड्याला पंधराएक तास, तीन महिने. आणखी एक गट नुसता भेटायचा, गप्पा, सहली, खेळ. एक गट घरी बसून कोडी, गाणी, माहितीपट असलं सोपं काहीतरी करायचा. शेवटी चाचणी घेतली तर स्मरणशक्ती सुधारली ती नवं आणि कठीण शिकणाऱ्यांची, त्यातही फोटोग्राफीवाल्यांची जास्त. नुसत्या गप्पांच्या गटाला तसा फायदा दिसला नाही. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी हे जरा मनावर घ्यावं असं मला वाटतं. संघ आहेत म्हणून कितीतरी माणसं घराबाहेर पडतात, एकटेपणा हटतो, त्याचं मोल आहेच, पण कार्यक्रम काय असतात तर वाढदिवस, अंताक्षरी, तीर्थयात्रा आणि एखाद्या डॉक्टरचं "आनंदी कसे राहावे" वर व्याख्यान, शेवटी शाल-श्रीफळ आणि बटाटेवडा. वर्षभर संघात जाणाऱ्याला वर्षाअखेर नवं काय येतं विचारलं तर काय सांगेल? शिकणं म्हणजे थोडी घाम फोडणारी, चुकायला लावणारी गोष्ट, घरी जाऊन सराव करावा लागेल अशी. भजनी मंडळात नवीन अभंग पाठ करून पेटीवर बसवणाऱ्या बायका हे करतात, त्यांना कुणी मेंदूचा व्यायाम म्हणत नाही एवढंच.

मुंबईची एक जमेची बाजू म्हणजे भाषा. हैदराबादला निम्स हॉस्पिटलमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ पेशंटच्या नोंदी तपासल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं, की दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एकभाषिकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसला, आणि शाळेची पायरी न चढलेल्यांमध्येही फरक होता. हा एका हॉस्पिटलमधल्या पेशंटचा अभ्यास, त्यावरून भाषा हे औषध आहे असं म्हणता येत नाही आणि पुढे यावर वादही झालेत. पण विचार करण्यासारखं आहे. आपली कोळीण मराठीत भांडते, हिंदीत भाव सांगते आणि गिऱ्हाईक ओळखून गुजरातीत मस्का मारते. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तामिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ भाषांत चालतात, म्हणजे त्या त्या भाषेचे शिक्षक पगारावर आहेत. सत्तरीच्या मराठी माणसाने तामिळ अक्षरं गिरवायला बसावं आणि माटुंग्याच्या तमिळ आजींनी मराठीची जुनी मोडी लिपी शिकावी, यात अडचण काय आहे मला तरी कळत नाही. मोडीतले जुने दस्तऐवज घरोघरी पेटीत आहेत, वाचणारे नाहीत.

आणि जागा? मराठी माध्यमाच्या वर्गांमधली मुलं कमी होत चाललीयत, खोल्या रिकाम्या पडतायत, याचं दुःख वेगळं, त्यावर वेगळं लिहावं लागेल. पण तोवर त्या खोल्यांत निदान आजी-आजोबांचा वर्ग भरवा ना. मुंबईत २२७ प्रभाग आहेत, प्रत्येकात एक वर्ग. महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं, त्यात एका खोलीचे दिवे-पंखे आणि शिकवणाऱ्याचं मानधन कुठे हरवेल कळणारही नाही. पहिल्या दिवशी कान, डोळे, बीपी, शुगर आणि बी-ट्वेल्व्ह तपासा, मग शिकवायला सुरुवात करा, म्हणजे मागच्या बाकावरच्याला ऐकू येत नाही म्हणून तो ढ ठरायला नको. हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. फ्रान्समध्ये तुलूजला १९७३ मध्ये ज्येष्ठांसाठी विद्यापीठ सुरू झालं, १९८२ मध्ये केंब्रिजला पोचलं आणि ब्रिटनभर पसरलं, तिथे निवृत्त माणसंच एकमेकांना शिकवतात. आणि इतकं लांबही जायला नको. मुरबाडजवळ फांगणे गावात योगेंद्र बांगर या शिक्षकाने ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा काढली, गुलाबी नऊवारी नेसून पाठीला दप्तर लावलेल्या आज्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. आपण ते फोटो "किती गोड" म्हणून पुढे पाठवले आणि विसरलो. डोंगरातल्या छोट्या गावाला जे जमलं ते या शहराला का जमत नाही हे कुणी विचारलं नाही.

गटाने, ठरल्या वेळी, कुणाच्या तरी देखरेखीखाली करण्याचा फायदा होतो यालाही आता आधार आहे. फिनलंडमध्ये १,२६० लोकांवर आहार, व्यायाम, मेंदूचं प्रशिक्षण आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र दोन वर्षं केलं, २०१५ मध्ये निकाल आला, नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा या गटाची बुद्धीच्या चाचण्यांतली सुधारणा २५ टक्के जास्त. अमेरिकेत तसाच मोठा प्रयोग झाला, २०२५ मध्ये निकाल आला, २,१११ लोक, अर्ध्यांना आखून दिलेला कार्यक्रम आणि नियमित गट-बैठका, अर्ध्यांना "तुमचं तुम्ही करा". सुधारले दोघंही, पण बैठकावाले जास्त. आपण मात्र म्हाताऱ्यांना सगळं "तुमचं तुम्ही करा" वरच ठेवलंय.

यावर लोक काय म्हणतील मला माहितीये. पहिलं, हे सगळं पेन्शनवाल्यांचे चोचले. अडुसष्टाव्या वर्षी रात्रपाळीत वॉचमनची खुर्ची पकडणाऱ्याला मोडी लिपी शिकवणार का? हा आक्षेप मला पटतो, पण त्यातून निघतं ते उलटंच. ज्याच्याकडे पैसे आहेत तो तबल्याचा मास्तर घरी बोलावेल, कानाचं मशीन घेईल, ज्याच्याकडे नाहीत त्यालाच सरकारी वर्ग लागतो. आणि वॉचमनला मोडी नको असेल तर बँकेचा मेसेज स्वतः वाचता यावा, यूपीआय वापरता यावं एवढं तरी हवंच असेल, तेही शिकणंच आहे. दुसरं, रस्त्यांवर खड्डे आहेत आणि तुम्हाला म्हाताऱ्यांच्या शाळा सुचतायत. खड्डे बुजवाच, खड्ड्यांमुळे आणि फेरीवाले-बाइकवाल्यांनी भरलेल्या फूटपाथमुळेच तर म्हातारी माणसं चालायला बाहेर पडत नाहीत. पण डिमेन्शियाच्या पेशंटला चोवीस तासांची मावशी ठेवायची तर मुंबईत महिन्याला २५-३० हजार जातात, ते परवडत नाही म्हणून घरातली सून नाहीतर मुलगी नोकरी सोडते. हा खर्च कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही, म्हणून तो नाही असं समजतात.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, भीती आहे, आणि ती मलाही आहे. शिका, खा, चाला असं सतत सांगितलं की ज्याला आजार झाला त्याच्याकडे लोक संशयाने बघतात, याने काहीतरी हयगय केली असणार. तसं नसतं. जन्मभर पुस्तकात राहिलेले प्राध्यापक, दोन तास रियाज करणारे गवई, यांनाही अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात नेहमीचा प्रकार, होतो. ४५ टक्के टाळता येतील याचा दुसरा अर्थ ५५ टक्के टाळता येत नाहीत, आणि तो हिशेबही लोकसंख्येचा आहे, एकट्यादुकट्याचा नाही. शिकलेल्या मेंदूजवळ थोडी जास्तीची शिल्लक असते, आजार आत सुरू झाला तरी ती काही वर्षं घर चालवते, बस्स, एवढाच दावा आहे. म्हणूनच मला हा विषय घरातल्या उपदेशांतून बाहेर काढायचाय. उपदेशात दोष देता येतो. वर्गात फक्त हजेरी लागते.

आणि हे आत्ता करायची घाई का, तर रिडेव्हलपमेंट. चाळीच्या गॅलरीत माणूस नुसता उभा राहिला तरी चार जण विचारायचे, काय हो आज खोकला जास्त येतोय. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, १६० फुटांतून ५०० फुटांत, स्वतःचा संडास, हे व्हायलाच हवं होतं आणि उशिरा झालं, ज्यांना चाळीचं गोड वाटतं त्यांनी चाळीतल्या सार्वजनिक संडासाची रांग आठवावी. पण तीस-पस्तिसाव्या मजल्यावर दार लावलं की लावलं. लिफ्टचं बटण, इंटरकॉम, गेटवरचं अ‍ॅप, सगळं नवं, आणि ते शांतपणे बसून शिकवणारं कुणी नाही. टॉवरच्या ब्रोशरमध्ये जिम असतो, योगा डेक असतो, मुलांचा प्ले एरिया असतो, ज्येष्ठांसाठी काय तर दोन बाक. पुनर्विकासाच्या करारात पार्किंगवरून वर्षानुवर्षं भांडणाऱ्या सोसायट्यांनी तळमजल्यावर एक फळा आणि वीस खुर्च्यांची खोली मागितली तर बिल्डर काही दिवाळखोर होणार नाही.

वर्गाची वेळ मात्र दुपारची ठेवा. सकाळी नातवंडांची शाळा आणि डबे, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक, बायकांना रिकामी मिळते ती दुपारच. सकाळी सातला बागेत भरणाऱ्या हास्यक्लबात आजोबा जास्त आणि आज्या कमी का दिसतात याचं कारण तेच, आज्या तेव्हा पोळ्या लाटत असतात. फांगण्याची शाळाही दुपारीच भरायची. आणि खोली तळमजल्यावरची द्या, संडास त्याच मजल्यावर आणि चालू असलेला, नाहीतर डायबेटिसवाले पहिल्या आठवड्यानंतर येणार नाहीत आणि पालिका म्हणेल प्रतिसाद मिळाला नाही.